मोंबासाला पंधरा दिवसांच्या सेवेला जाताना

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर कुणा ना कुणाचा फोन येतो. "आमच्या चर्चच्या तरुण संघातले आठ जण आफ्रिकेत सेवेला जायचं म्हणतायत. बरोबर काय काय न्यावं?" मी विचारतो, "बोलावलंय कुणी?" निम्म्या वेळा पलीकडून उत्तरच येत नाही.

मी नाशिकचा. केनियाच्या किनाऱ्यावर, मोंबासा आणि जवळच्या राबाई गावाच्या बाजूला, आमच्या मंडळीबरोबर, म्हणजे चर्चच्या लोकांबरोबर, तीनदा जाऊन आलो, दर वेळी दोन आठवडे. पहिल्या फेरीत आम्ही जे केलं त्यातलं निम्मं करू नका असं आज मीच सांगेन. हे सगळं केनियाच्या किनाऱ्यापुरतं आहे. नेपाळमध्ये दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं हा कायद्यानं गुन्हा आहे, केनियाच्या 2010 च्या राज्यघटनेत धर्मस्वातंत्र्य आहे. म्हणजे केनियातली युक्ती उचलून नेपाळात लावण्यात अर्थ नाही.

आधी शरणपूरची गोष्ट

आपण आफ्रिकेला सुवार्ता न्यायला निघालो आहोत असं कुणाच्या मनात असेल तर त्यानं आपल्या नाशिकचाच इतिहास बघावा. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश आरमार अरबी गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकन गुलामांना मुंबईला आणायचं. त्यातली बरीच मुलं नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशन वस्तीत वाढली, शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकून तयार झाली. त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शेवटच्या मोहिमेसाठी नऊ मुलं इथूनच गेली. मागाहून जेकब वेनराइट हा शरणपूरचाच विद्यार्थी त्या ताफ्यात सामील झाला. लिव्हिंग्स्टन वारल्यावर झाडाच्या खोडावर त्याचं नाव कोरणारा आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीत शवपेटीला हात लावणारा हाच वेनराइट. 1875 च्या सुमारास मोंबासाच्या समोर फ्रिअरटाउन ही मुक्त झालेल्या गुलामांची वसाहत उभी राहिली. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं, उभारणारे विल्यम प्राइस आधी शरणपूरला काम केलेले, आणि तिथले शिक्षक, कारागीर, प्रचारक यांत नाशिकला शिकलेले आफ्रिकन.

राबाईत तर जर्मन मिशनरी क्राफ आणि रेबमान 1846 पासून होते. केनियातल्या दहापैकी आठांहून अधिक लोक आज ख्रिस्ती आहेत. आपली मंडळी संख्येनं त्यांच्यापुढे चिमूटभर. तेव्हा शिकवायला जातोय हा आव घरीच ठेवून निघा. शरणपूरची ही गोष्ट मी तिथल्या एका वडीलधाऱ्यांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे तुम्ही परत आलात."

सहा महिने आधी: बोलावणं आणि काम

तिथल्या मंडळीचं लेखी पत्र हवं. पत्रात तुम्ही कोण, किती जण, कुठल्या तारखांना, कुठे राहणार आणि काय करणार हे असावं. पत्र आल्यावर तिथल्या पाळकांशी, म्हणजे पास्टरांशी, दोन-तीनदा व्हिडिओवर बोला आणि एक प्रश्न विचारा: "आम्ही आलो नाही, नुसते तिकिटांचे पैसे पाठवले, तर तुम्ही त्याचं काय कराल?" प्रश्न अवघड आहे, पण विचाराच. आठ जणांचं तिकीट, लस, विमा धरला की रक्कम काही लाखांत जाते. पाळक म्हणाले की शाळेचं छप्पर होईल, आणि तुम्ही तिथं भिंत रंगवायला निघाला असाल, तर छप्पर होऊ द्या. रंगारी राबाईतही मिळतो आणि त्याला कामाची गरज आहे. आम्ही पहिल्या फेरीत भिंतीच रंगवल्या. शेजारी दोन गवंडी दिवसभर बसून आमच्याकडे बघत होते. त्यांच्या नजरेचा अर्थ मला दुसऱ्या फेरीत कळला.

मग जायचं कशाला? जे आपल्याकडे आहे आणि त्यांनी मागितलंय, त्यासाठी. दुसऱ्या फेरीत आमच्यातल्या एका निवृत्त बँकवाल्या काकांनी मंडळीच्या महिला बचत गटाला वह्या कशा लिहायच्या ते दाखवलं. शिवणयंत्रं दुरुस्त करणारे एक दादा बरोबर होते. त्यांनी सहा यंत्रं चालू केली आणि दोन मुलींना दुरुस्ती शिकवली. संडे स्कूलच्या शिक्षकांचं तीन दिवसांचं शिबिर झालं. ही कामं आम्ही गेल्यावरही चालू राहिली. डॉक्टर किंवा नर्स जाणार असतील तर तिथल्या वैद्यकीय किंवा परिचर्या परिषदेकडून तात्पुरता परवाना लागतो. तो नसताना तंबू ठोकून गोळ्या वाटणं बेकायदा आहे आणि रोग्यासाठी धोक्याचंही. मुदत संपत आलेली औषधं गोळा करून नेण्याचा मोह तर मुळीच नको.

अनाथाश्रमाचं काम सुचवलं गेलं तर थांबा. अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई-वडील किंवा जवळचे नातलग हयात असतात. केनिया सरकारचं धोरण आता मुलांना संस्थेतून कुटुंबाकडे परत नेण्याचं आहे. दोन आठवडे येऊन मुलांना कडेवर घेऊन लळा लावायचा आणि निघून जायचं, हे त्या मुलांच्या वाट्याला दर महिन्याला येतं. मुलांमध्ये काम करायचंच असेल तर त्यांच्या शिक्षकांबरोबर करा.

माणसं सहा ते आठ पुरे. पंधरा जणांची सहल होते, आणि यजमान भगिनींचा सगळा वेळ तुमच्या स्वयंपाकात जातो.

कधी जायचं

किनाऱ्यावर मोठा पाऊस साधारण एप्रिल ते जून आणि छोटा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. आपल्याला सोयीची मे महिन्याची सुट्टी म्हणजे तिथला चिखल. जुलै-ऑगस्ट किंवा जानेवारी-फेब्रुवारी बघा.

कागद आणि पैसे

पासपोर्टची मुदत परतीनंतरही सहा महिने उरायला हवी आणि कोरी पानं हवीत. जानेवारी 2024 पासून केनियानं व्हिसाऐवजी ईटीए म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी सुरू केली आहे. ती केनिया सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. हुबेहूब तशीच दिसणारी खासगी संकेतस्थळं जास्तीचे पैसे घेतात. प्रवासाचा हेतू खरा लिहा. शिकवणं, प्रचार, वैद्यकीय काम यांसाठी वेगळा पास लागतो का हे यजमान मंडळीला इमिग्रेशन कार्यालयात जाऊन विचारायला सांगा. 'टुरिस्ट म्हणून जाऊ, कोण बघतंय' असं म्हणणारा एक तरी जण प्रत्येक गटात असतो. पकडले गेलात तर तुम्ही विमानात बसून घरी याल, जबाब यजमान पाळकांना द्यावा लागेल.

मंडळीच्या ट्रस्टमधून खर्च करायचा असेल तर आधी सीएंना विचारा. धर्मादाय ट्रस्टचं उत्पन्न देशाबाहेर खर्च केलं तर आयकराची सूट आपोआप मिळत नाही. ज्यानं त्यानं आपला खर्च आपल्या खात्यातून करावा, हे सोपं पडतं. डॉलर नेताना नव्या, न दुमडलेल्या नोटा घ्या; जुन्या छपाईच्या नोटा तिथले लोक घेत नाहीत. तिथं पोहोचल्यावर पासपोर्ट दाखवून सिमकार्ड आणि एम-पेसा घ्या. 2007 मध्ये सुरू झालेली ही मोबाइलवरची पैशाची सोय तिथं भाजीवालीपासून चर्चच्या दानपेटीपर्यंत सगळीकडे चालते, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधीपासून.

लस: इथं चुकू नका

हा भाग दोनदा वाचा. भारतातून थेट केनियात उतरताना पिवळ्या तापाचं कार्ड सहसा मागत नाहीत, म्हणून लोक लस टाळतात. पण केनिया आपल्या सरकारच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत कार्डाशिवाय भारतात उतरलात तर विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात, सहा दिवसांपर्यंत. आमच्यातला एक जण असाच अडकला. बायको बाहेर पुरणपोळीचा डबा घेऊन उभी आणि हा आत. चूक त्याचीच होती.

ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारनं नेमलेल्या केंद्रातच मिळते, आणि तिथंही ठरावीक दिवशी, नाव नोंदवून. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, नाहीतर कार्ड ग्राह्य धरत नाहीत. एकदा घेतली की कार्ड जन्मभर चालतं. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, वय साठीच्या पुढे असेल, गरोदरपण असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांशी बोला.

मलेरियाला लस नव्हे, गोळ्या. किनाऱ्यावर मलेरिया बारा महिने असतो आणि तो आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या प्रकारापेक्षा जीवघेणा आहे. डॉक्सिसायक्लिन परतल्यावरही चार आठवडे घ्यावी लागते, ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस. कुठली तुम्हाला चालेल ते डॉक्टर ठरवतील. घरी आल्यावर गोळ्या सोडून देणारे फार. टायफॉइड आणि कावीळ अ यांच्या लसींबद्दलही त्याच भेटीत विचारून घ्या. प्रवास विमा काढताना रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते वाचा.

सामान

आपलं मराठी सामान म्हणजे पिशवीत पिशवी. कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, चपला दुसऱ्या पिशवीत, चिवडा तिसऱ्या. केनियात 28 ऑगस्ट 2017 पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. कापडी पिशव्या शिवून घ्या. लष्करी छापाचे कपडे नागरिकांनी घालायचे नाहीत, तेव्हा तरुणांनी त्या हिरव्या ठिपक्यांच्या पँटी घरी ठेवाव्यात. प्लग तीन चौकोनी पिनांचा लागतो, आपला बसत नाही. मच्छरदाणी, ओआरएस, टॉर्च, लांब बाह्यांचे सुती कपडे. बायकांना सलवार-कुर्ता उत्तम. किनाऱ्यावर मुसलमान वस्ती मोठी आहे आणि अंगभर कपड्यांना मान आहे. भेटवस्तू म्हणून पेन-चॉकलेटं वाटत सुटू नका. जे द्यायचं ते मंडळीच्या हातात द्या.

पोहोचल्यावर

मुंबई-नैरोबी थेट विमान साधारण सहा तासांचं. नैरोबीहून मोंबासाला 2017 पासून मदाराका एक्सप्रेस ही रेल्वे आहे, पाच-सहा तासांत जाते. तिकीट आधी काढा, कारण आयत्या वेळी मिळत नाही. खिडकीतून त्सावोच्या अभयारण्यातले हत्ती दिसले तर नशीब. मोंबासातली लिकोनीची फेरीबोट, पोलीस, लष्कर, बंदर यांचे फोटो काढू नका.

भाषेत तुम्ही अगदीच परके नाही. 'चाय' म्हणजे चहा, 'चपाती' म्हणजे चपाती, 'दुका' म्हणजे दुकान, 'पेसा' म्हणजे पैसे, 'गारी' म्हणजे गाडी, 'हाबारी' म्हणजे खबर. वडीलधाऱ्यांना लहानांनी 'शिकामो' म्हणायचं, ते 'माराहाबा' म्हणतात. हे न चुकता म्हणा. म्हटलंत तर म्हाताऱ्या बायका हात सोडत नाहीत.

वेळेची गंमत मात्र सांभाळा. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. 'सा मोजा' म्हणजे एक वाजता, पण तो सकाळचा सातचा. पाळक स्वाहिलीत 'सा तातू' म्हणजे तीन म्हणाले तर सभा सकाळी नऊला आहे. आम्ही दुपारी तीनला नटूनथटून पोहोचलो तेव्हा झाडणारी आजी एकटी होती.

तिथं तुम्हाला 'मुहिंदी' म्हणतील, म्हणजे भारतीय. या शब्दाला दुकानदार, मालक असा वास आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रेल्वे बांधायला भारतातून मजूर गेले, मागोमाग व्यापारी गेले, आणि आजही तिथल्या बऱ्याच लोकांना भारतीय माणूस भेटतो तो गल्ल्यामागे. त्यामुळे भारतीय माणूस जमिनीवर बसून त्यांच्याबरोबर जेवतोय, आणि तोही ख्रिस्ती, याचं त्यांना नवल वाटतं. "तुमच्याकडे चर्च आहेत?" हा प्रश्न रोज येईल. अहिल्यानगर, जालना, वसई, शरणपूर इथल्या मंडळ्यांबद्दल दोन वाक्यं तयार ठेवा.

रविवार

उपासना तीन तास चालेल. पाहुण्यांना पुढे बोलावतात आणि प्रत्येकाला बोलावं लागतं. सुरुवात 'ब्वाना असिफिवे' अशी करा, म्हणजे प्रभूची स्तुती असो. सगळी मंडळी 'आमेन' म्हणेल. मग 'जिना लांगु नि' आणि तुमचं नाव. बस्स. वीस मिनिटांचा संदेश बरोबर आणला असेल तर मागितल्याशिवाय काढू नका. एक मराठी गीत मात्र बसवून न्या, टाळ-ढोलकीसकट. आमच्या भाषणांपेक्षा तेच त्यांच्या लक्षात राहिलं.

दानाच्या वेळी खेड्यात कुणी कोंबडी आणतं, कुणी नारळ, कुणी मक्याची पिशवी, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. आपल्याकडच्या सुगीच्या सणासारखाच. बोली लावा, पण पाहुण्याच्या ऐटीत भाव चढवू नका. एकदा आमच्यातल्या एकानं अंड्यांचा ट्रे इतका महाग घेतला की पुढची बोली लावायला कुणी धजेना.

उपवास, आजारातून बरं होणं, जगाचा अंत यांबद्दल परक्यानं तिथं बोलूच नये असं माझं मत आहे. राबाई ज्यात येतं त्याच किलिफी जिल्ह्यात 2023 मध्ये शाकाहोलाच्या जंगलात एका पंथाच्या नादानं मेलेल्या, बहुतेक उपासमारीनं, चारशेहून अधिक माणसांची प्रेतं पुरलेली सापडली. त्यात मुलंही होती. अनोळखी प्रचारकाकडे तिथला पोलीसही संशयानं बघतो आणि आईही. त्यांचं बरोबरच आहे.

आणखी एक. राबाई, गिरियामा आणि त्यांचे भाईबंद मिळून मिजिकेंदा लोक. त्यांची 'काया' नावाची जुनी वनं आहेत. काहींना 2008 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाचा दर्जा दिला. आपली देवराई डोळ्यांपुढे आणा म्हणजे कळेल. वडीलधाऱ्यांच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका आणि तिथं उभं राहून मूर्तिपूजेवर भाष्य तर नकोच. आपल्याला आपल्या गावात कुणी केलेलं चालत नाही.

जेवण

पांढऱ्या मक्याच्या पिठाची घट्ट उकड, तिला उगाली म्हणतात, किनाऱ्यावर सीमाही म्हणतात. हातानं गोळा करून भाजीबरोबर खायची. 'मचिचा' म्हणजे आपला माठ. सकाळी 'महामरी' म्हणजे वेलदोड्याच्या तळलेल्या पुऱ्या आणि 'म्बाझी' म्हणजे नारळाच्या दुधातली तूर. तूर! आमच्या गटातल्या मावशी पहिला घास खाऊन थांबल्या, मग कृती लिहून घ्यायला थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि जेवणापर्यंत बाहेर आल्या नाहीत. लोणच्याची बरणी टेबलावर काढून ठेवू नका. यजमानीणबाईंच्या मनाला ते लागतं. पाणी उकळलेलं किंवा बाटलीचं, दात घासायलाही.

रोजचे काही नियम

गटानं निघण्याआधी हे लिहून, सह्या करून घ्यावं. मुलांबरोबर एकट्यानं बंद खोलीत राहायचं नाही. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय काढायचे नाहीत आणि फाटक्या कपड्यातल्या मुलाबरोबरची सेल्फी कुठंही टाकायची नाही. रात्री बोडा-बोडावर, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवर, बसायचं नाही. पैशाची मदत कुणालाही परस्पर द्यायची नाही. लोक मागतील; फी, औषध, फोन. खरी गरजही असेल. "पाळकांशी बोलतो" एवढंच म्हणायचं आणि खरंच बोलायचं. 'पुढच्या वर्षी येतो' हे वाक्य तिकीट काढेपर्यंत उच्चारायचं नाही. मी ते एका मुलाला म्हणालो होतो. पुढच्या वर्षी गेलो नाही. त्यापुढच्या वर्षी गेलो तेव्हा त्यानं मला तारीख सांगितली, ज्या दिवशी तो स्टेशनवर येऊन थांबला होता ती.

परत आल्यावर

पहिल्या आठवड्यात हिशेब लिहून तिथल्या मंडळीला आणि आपल्या मंडळीला, दोघांनाही सारखाच पाठवा. उपासनेत अहवालाला दहा मिनिटं मागा आणि त्यातली पाच तिथल्या पाळकांना फोनवरून बोलू द्या. 'गरीब आहेत पण किती आनंदी' हे वाक्य आलं की मी खाली बघतो. त्यांना फीची काळजी आहे, पावसाची आहे, आपल्याला असते तशीच.

तीन महिन्यांनी एक फोन करा: वह्या लिहिल्या जातायत का, यंत्रं चालू आहेत का. नसतील तर का, ते ऐका. पुढची फेरी करायची की नाही ते त्या फोनवर ठरवा.

आणि परतल्यावर काही आठवड्यांत, अगदी दोन-तीन महिन्यांनीही, ताप आला तर क्रोसिन घेऊन झोपू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि दारातच सांगा की आफ्रिकेतून आलोय, मलेरियाची रक्ततपासणी करा. आपल्याकडे पावसाळ्यात प्रत्येक ताप व्हायरल असतो. डॉक्टरांना तुमचा पासपोर्ट दिसत नाही.